हात मागे

इस्पितळाचे नवे व्यवस्थापक पहिल्यांदा तळघरातल्या लॉन्ड्रीत उतरले, तेव्हा त्यांनी ताईंना अदबीनं विचारलं, "आपण कुठल्या ऑफिसकडून आलात?" त्यांना वाटलं, ही बाई वरच्या कुठल्या तरी खात्याकडून तपासणीला आली आहे. तसं वाटण्यात त्यांची चूकही नव्हती. वाफेनं कोंदलेल्या त्या लांबलचक खोलीत सगळे घामाघूम होऊन राबत होते. कुणी मळक्या चादरींचे ढीग निवडत होतं, कुणी ओले गठ्ठे ढकलगाडीवरून ड्रायरकडे नेत होतं, रोलरच्या इस्त्रीपाशी दोघी जणी चादरीची टोकं धरून उभ्या होत्या. आणि या सगळ्या धांदलीच्या मधोमध पन्नाशीची एक ठेंगणी बाई, हात पाठीमागे बांधून, मान जरा तिरकी करून, नुसती बघत उभी.

"मी इथलीच," ताई म्हणाल्या. "लॉन्ड्रीची सुपरवायझर."

"अच्छा," व्यवस्थापक म्हणाले आणि त्यांची अदब तिथल्या तिथे आटली. "मग काम नाही करत?"

"करतेय की," ताई म्हणाल्या आणि पुन्हा बघू लागल्या.

हे उत्तर ताईंनी द्यायला नको होतं. पण खरं सांगायचं तर दुसरं कुठलं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. हात मागे बांधून उभं राहणं हे त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होतं, आणि ते त्या लहानपणी एका तंबूपायी शिकल्या होत्या.

तेव्हाही ती ताईच होती. पाठच्या तीन भावंडांची. आई शिवणाच्या कारखान्यात जायची, वडील कामानिमित्त सतत फिरतीवर, त्यामुळे घर चालायचं ते हिच्या हातावर. आणि हात म्हणजे काय विचारता! वाऱ्याशी पैज लावतील असे. कुणाला घास भरवतेय, कुणाची वेणी घालतेय, मधेच दूध उतू जायच्या आत गॅस बंद करतेय. दुसऱ्या कुणाला काही करायला द्यायचा तिला धीरच नव्हता. "सोड, मी करते," हे तिचं दिवसभराचं पालुपद. परिणाम असा झाला की धाकटा भाऊ चांगला दहा वर्षांचा घोडा झाला तरी त्याला बुटाची नाडी बांधता येत नव्हती. तो नुसता पाय पुढे करायचा.

शाळेतल्या स्काऊट-गाईडच्या पथकात ती गेली आणि तिथेही तेच. गाठी म्हणा, नकाशा म्हणा, शिट्टीच्या खुणा म्हणा, सगळं चुटकीसरशी. पथकाच्या बाई एरवी भूगोल शिकवायच्या. त्यांनी तिला एका टोळीची नायक केलं. टोळीत आणखी पाच मुली. त्यातली एक इतकी संथ की तिला सगळे गोगलगाय म्हणायचे. तिलाही ते नाव आवडायचं. कुणी हाक मारली की ती सावकाश वळून "ओ" द्यायची.

गावाबाहेरच्या तळ्याकाठी पहिला कॅम्प पडला. तंबू उभारायची वेळ आली. बाकीच्या टोळ्या दोऱ्यांच्या गुंत्यात अडकल्या होत्या, तेवढ्यात आमच्या नायकानं पाचही जणींना बाजूला सारून, खुंट्या ठोकून, दोर ताणून, तंबू एकटीनं उभा केला. असा ताठ की बघत राहावं.

बाई फिरत फिरत आल्या. त्यांनी तंबूला एक प्रदक्षिणा घातली.

"फारच सुंदर. कुणी उभारला?"

"मी!"

"एकटीनं?"

"एकटीनं!"

"आणि या पाच जणी?"

"त्यांना जमतच नव्हतं, बाई. फार वेळ लावत होत्या."

बाईंनी मान डोलावली आणि वाकून मुख्य दोराची गाठ सोडली. सगळा तंबू फसकन खाली बसला.

"आता या उभारतील," बाई शांतपणे म्हणाल्या. "तू त्यांना सांगायचं. पण हात मागे. आपल्या पथकात ज्याला एखादी गोष्ट येते, त्यानं ती दुसऱ्याला हात मागे बांधूनच शिकवायची. तोंड हवं तेवढं चालव."

ती दुपार तिच्या डोक्यातून कधी गेली नाही. गोगलगाय दोराचं टोक धरून विचारात पडायची आणि हिचे हात पाठीमागे असे शिवशिवायचे की एका हातानं दुसऱ्याचं मनगट आवळून धरावं लागायचं. तंबू उभा राहिला तो शेवटी एकदाचा, पण झिंगलेल्या माणसासारखा एका अंगावर कललेला. पोरी आत जेवायला बसल्या आणि तो त्यांच्या डोक्यावर आला. सूप सांडलं, वाढायचा डाव हरवला. कापडाखालून पाच जणींच्या हसण्याचा आवाज येत होता आणि बाहेर त्यांची नायक रागानं रडत उभी होती. हात मागेच.

दुसऱ्या दिवशी बाई सगळ्या नायकांना नकाशा शिकवायला तळ्याच्या पलीकडे घेऊन गेल्या. मधेच जोराचा वारा सुटला. ती नकाशा टाकून धावत सुटली. येऊन बघते तर दोन तंबू आडवे झालेले, आणि त्यांचा उभा. चार जणी चार दोर धरून आहेत आणि गोगलगाय दगडानं खुंटी ठोकतेय. सावकाश, पण बरोबर तिरकी. हिनं पुढे होऊन दगड घ्यायला हात पुढे केला, तशी गोगलगाय मान वर न करता म्हणाली, "तू बस ना. आम्ही करतो."

ती जाऊन एका धोंड्यावर बसली. मागून बाई धापा टाकत आल्या आणि शेजारी टेकल्या.

"रडू येतंय का गं?"

"हो."

"आनंदानं की वाईट वाटून?"

"माहीत नाही."

"येऊ दे," बाई म्हणाल्या. "नायकाला दोन्ही एकदमच येतं."

कॅम्पहून घरी आल्यावर तिनं पहिलं काम काय केलं असेल, तर धाकट्या भावासमोर उभी राहिली, हात मागे बांधले आणि म्हणाली, "बांध नाडी." तो भोकाड पसरून रडला. आठवड्याभरात बांधायला लागला.

पुढे शिक्षण फारसं झालं नाही. इस्पितळाच्या लॉन्ड्रीत घड्यांच्या टेबलावर जागा होती, तिथे ती मुलाखतीला गेली. तेव्हाचे सुपरवायझर म्हातारे होते. त्यांनी विचारलं, काय काय येतं? तिनं मोठ्या गंभीरपणे गाठी, तंबू, नकाशा आणि उघड्यावरचा स्वयंपाक असं सगळं सांगितलं. म्हातारबुवा पोट धरून हसले. "इथे तंबू नाही गं बाई, चादरी आहेत. पण कापड ते कापड. ये उद्यापासून."

लॉन्ड्रीत तिला पहिल्यांदा काय दिसलं असेल, तर तिथेही सगळे तंबू एकेकट्यांनी उभारलेले होते. ड्रायर एकालाच यायचा, इस्त्री दोघींनाच. ड्रायरवाला आजारी पडला की सगळं इस्पितळ ओल्या चादरींवर. तिनं आधी स्वतःचं टेबल शेजारणीला शिकवलं, मग शेजारणीकडून इस्त्री शिकून घेतली, आणि हळूहळू हे खूळ पसरलं. ती सुपरवायझर झाली तेव्हा तर तिनं टोळ्याच पाडल्या. कामगार हसले, पण हसत हसत टोळ्यांत गेले. पाळी संपताना जागा सापडली त्याहून स्वच्छ ठेवून जायची, हेही तिनं कॅम्पवरून जसंच्या तसं उचललं होतं. आणि हे सगळं ती कधी आवाज चढवून करत नसे. ताईंचा आवाज चढलेला लॉन्ड्रीत कुणी ऐकला नाही. तसं त्या मशिनांच्या घरघरीत तो कुणाला ऐकूही आला नसता.

ताईंची खरी परीक्षा पाहिली ती पैलवानानं. हा आडदांड गडी गठ्ठे उचलायला म्हणून लागला होता. त्याचे पंजे फावड्याएवढे. एक दिवस तो ताईंना म्हणाला, "मला ऑपरेशनच्या चादरीची घडी शिकायची आहे." सगळी लॉन्ड्री गालातल्या गालात हसली. कारण ती घडी म्हणजे लॉन्ड्रीतलं सगळ्यात नाजूक काम. हिरवी चादर पंख्यासारखी दुमडत आणायची, मधलं छिद्र बरोबर मध्ये ठेवायचं आणि एक कोपरा कानासारखा बाहेर काढून ठेवायचा. वर ऑपरेशनच्या खोलीत सिस्टर तो कान धरून ओढते आणि चादर कुठेही न टेकता पेशंटवर उलगडते. घडी चुकली तर चादर भलतीकडे लोळते, ती बाद होते आणि ऑपरेशन खोळंबतं.

पैलवानाला ती घडी शिकायला पुरं वर्ष लागलं. ताई शेजारी हात मागे बांधून उभ्या. "डावीकडे. नाही, तुझ्या डावीकडे. परत उघड. परत." कितीदा तरी त्यांच्या मनात आलं की सोड, मी करते. पण मग त्यांना गोगलगाय आठवायची. वर्ष संपलं आणि पैलवानाची घडी अशी बसायला लागली की वरच्या सिस्टर विचारायच्या, ही कुणी घातली?

तर अशा या बाईला नव्या व्यवस्थापकांनी रिकामटेकडी ठरवलं. माणूस वाईट नव्हता. इस्पितळ डबघाईला आलेलं होतं, खर्च कमी करायचं काम त्याच्या गळ्यात होतं, आणि तो जिथे जाईल तिथे त्याला कुणी ना कुणी नुसतं उभं असलेलं दिसत होतं. त्यानं ताईंना सांगितलं, "तुमची बरीच रजा शिल्लक आहे. आठवडाभर घरी बसा. बघू या काय होतं."

आता ताईंचा घरी बसण्याचा आणि त्यांच्या नवऱ्याचा छळ होण्याचा आठवडा एकच. ते बसच्या गॅरेजात मेकॅनिक, त्यांची त्या आठवड्यात दुपारची पाळी, त्यामुळे सकाळचा स्वयंपाक त्यांच्याकडे. ताई ओट्याशी हात मागे बांधून उभ्या राहायच्या. "कांदा एवढा जाड? परत बघ."

"अगं बाई," ते सुरी खाली ठेवून म्हणाले, "मी तुझी टोळी नाही. घरात तरी हात पुढे कर."

तिसऱ्या दिवशी ताईंना राहवलं नाही. भाजी आणायच्या निमित्तानं त्या इस्पितळाच्या मागच्या गल्लीत गेल्या. लॉन्ड्रीचा वाफेचा पाइप तिथे भिंतीतून बाहेर निघतो. पहिली धुणी आटोपायच्या वेळेला पाइपातून भसकन वाफ निघाली, रोजच्यासारखीच. थोड्या वेळानं ढकलगाड्यांची खडखड आली. सगळं वेळच्या वेळी चाललं होतं. ताई हातात रिकामी पिशवी घेऊन गल्लीत उभ्या होत्या आणि त्यांना हसावं की रडावं कळेना.

त्या परत कामावर आल्या तेव्हा व्यवस्थापकांनी त्यांना वर बोलावलं.

"लॉन्ड्री तुमच्याशिवाय छान चालली," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता, आणि त्यामुळे ते जास्तच लागलं. "एक तक्रार नाही. मग मला सांगा ताई, तुम्ही नक्की करता काय?"

इतकी वर्षं त्या ज्यासाठी धडपडल्या, तेच त्यांच्यावर उलटलं होतं. पुढच्या महिन्यापासून सुपरवायझरची जागा रद्द होणार आणि ताईंनी चौकशीच्या खिडकीत बसायचं, असं ठरलं. लोकांना शौचालय कुठे आहे ते सांगायचं. निवृत्त होईपर्यंत.

खाली बातमी पोचली तेव्हा लॉन्ड्रीत संताप उसळला. पैलवानानं ताईंना कोपऱ्यात गाठलं.

"ताई, सोप्पं आहे. चार दिवस आम्ही गोंधळ घालतो. दोन घड्या उलट्या, एखादी गाडी उशिरा. साहेब स्वतः धावत येतील तुम्हाला बोलवायला."

सगळे होकार देत जमले. आणि ताईंना मोह झाला नाही असं कुणी म्हणू नये. चौकशीच्या त्या खिडकीच्या नुसत्या विचारानं त्यांची झोप उडाली होती. पण त्यांनी टेबलावरची हिरवी चादर उचलली, तिचा बाहेर आलेला कान नीट केला आणि म्हणाल्या, "ही उलटी घातली तर साहेबांचं काय बिघडतं रे? टेबलावर झोपलेल्या माणसाचं बिघडतं. मी तुला वर्षभर काय शिकवलं? चुकायला?"

पैलवानानं मान खाली घातली.

"जा. गाडी थांबलीय," ताई म्हणाल्या.

मग उस्तादांच्या गुडघ्यानं सगळंच बदललं. उस्ताद म्हणजे वरच्या मजल्यावर ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करून लावतात त्या खोलीचे प्रमुख. देवमाणूस, पण सगळा कारभार एकहाती. कुठल्या ऑपरेशनला कुठली कात्री, कुठला चिमटा, कुठल्या डॉक्टरला काय लागतं, हे सगळं त्यांच्या डोक्यात. हाताखाली चौघे होते, पण त्यांनी फक्त उचलाउचल करायची. कुणी काही शिकायला गेलं की उस्ताद म्हणायचे, "दे इकडे." व्यवस्थापकांना हा माणूस फार आवडायचा. क्षणभर रिकामा दिसत नसे.

त्यांचा गुडघा कामातून गेला होता. याच इस्पितळात ऑपरेशन ठरलं. त्या सकाळी उस्तादांना इस्पितळाचा झगा घालून, स्ट्रेचरवर आडवं करून ऑपरेशनच्या दाराशी आणलं, आणि तिथेच सगळं थांबलं. कारण गुडघ्याच्या ऑपरेशनचा हत्यारांचा संच लावायला कुणाला येतच नव्हतं. जो लावणारा, तो स्ट्रेचरवर! चौघे जण ट्रेभोवती एकमेकांकडे बघत उभे. डॉक्टर घड्याळ बघतायत. शेवटी उस्ताद वैतागून स्ट्रेचरवरून उतरले, मागून उघडा असलेला झगा एका हातानं आवळत, लंगडत आपल्या खोलीत गेले आणि "दे इकडे" म्हणून स्वतःच्या गुडघ्यासाठी हत्यारं मांडू लागले. व्यवस्थापक धावत आले ते नेमके या दृश्यावर.

त्या दिवशी उस्तादांचं ऑपरेशन झालं नाही. बाकीचीही बरीच पुढे ढकलावी लागली.

दुपारी व्यवस्थापक लॉन्ड्रीत उतरले. या वेळी ते दाराशीच थांबून बराच वेळ बघत होते. ड्रायरवरची मुलगी पाणी प्यायला गेली आणि इस्त्रीवरचा एक जण न सांगता तिच्या जागी जाऊन उभा राहिला. ताई मधोमध, हात मागे.

"ताई," ते जवळ येऊन म्हणाले, "मी तुम्हाला विचारलं होतं, तुम्ही करता काय. त्याचं उत्तर मला आज वर मिळालं. त्या झग्यात." ते हसले, आणि हसल्यावर बरे दिसले. "तुम्ही उस्तादांची ती खोली घ्याल का?"

"मला हत्यारातलं ओ की ठो कळत नाही, साहेब."

"मग?"

ताई म्हणाल्या, "एका परीनं बरंच आहे. मला येत नसलं म्हणजे माझे हात आपोआप मागे राहतील. शिकवायचं उस्तादांनी. मी फक्त त्यांचे हात धरीन."

आणि तसंच झालं. उस्तादांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होईपर्यंत त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून त्या खोलीत आणायचे. चौघे ट्रेभोवती, ताई खुर्चीमागे. पहिल्या दिवशी एकानं चिमटा चुकीच्या जागी ठेवला मात्र, उस्ताद खुर्चीतून अर्धे उठले. "दे इकडे!"

"हात मागे, उस्ताद," ताई म्हणाल्या.

"अहो, पण तो चुकतोय!"

"चुकू दे. तोंडानं सांगा."

उस्तादांनी हात मांडीवरच्या पांघरुणाखाली कोंबले. तिथे ते नुसते वळवळत होते. कपाळावर घाम आला होता. "ताई," ते कळवळून म्हणाले, "हे गुडघ्यापेक्षा दुखतंय हो."

"मला माहीत आहे," ताई म्हणाल्या. त्यांनी ते इतकं मनापासून म्हटलं की उस्ताद पुन्हा खुर्चीत टेकले आणि तोंडानं सांगू लागले. चिमटा हळूहळू आपल्या जागी गेला.

काही आठवड्यांनी उस्तादांचं ऑपरेशन झालं. त्यांच्या गुडघ्याचा संच त्या चौघांनी लावला होता आणि उस्ताद स्ट्रेचरवरून त्याच्याकडे नजर टाकून, काही न बोलता, आडवे झाले. त्यांच्यासाठी ती मोठीच गोष्ट होती.

सुपरवायझरची जागा काही रद्द झाली नाही. उलट दोन्ही खोल्या ताईंकडे आल्या, आणि लॉन्ड्रीत रोजचं बघायला कुणी तरी हवं होतं. ताईंनी पैलवानाचं नाव सांगितलं. व्यवस्थापकांनी भुवया वर केल्या, पण हरकत घेतली नाही. ते आता जरा थांबून बघायला शिकले होते.

एका सकाळी ताई वर जायच्या आधी सवयीनं लॉन्ड्रीत डोकावल्या. घड्यांच्या टेबलावर एक नवी बाई होती. हिरवी चादर तिच्या हातून पुन्हा पुन्हा निसटत होती, छिद्र कडेला जात होतं, कान आत दडत होता. शेजारी पैलवान उभा होता. त्याचे ते फावड्याएवढे हात पाठीमागे होते आणि त्यानं एका हातानं दुसऱ्याचं मनगट असं आवळलं होतं की बोटं पांढरी पडली होती. "डावीकडे," तो अगदी हळू म्हणत होता. "नाही, तुमच्या डावीकडे. परत उघडा."

बाईची घडी पुन्हा चुकली. ताईंना राहवलं नाही. त्या पुढे झाल्या, हात चादरीकडे गेलाच होता.

पैलवानानं मान वर केली नाही. त्याचं सगळं लक्ष घडीवर होतं.

"तुम्ही जा वर, ताई," तो म्हणाला. "आम्ही करतो."

ताईंनी हात मागे घेतले. जिन्यात पोचेपर्यंत त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या हसतही होत्या. हे दोन्ही एकदमच येतं, हे त्यांना चांगलं माहीत होतं, म्हणून त्यांनी डोळे पुसले नाहीत आणि तशाच वर गेल्या.